चादरीआडचं बोलणं

तुम्हाला सगळं माहीत होतं. तुमची आणि शेजारणीची भिंत एकच आहे. पलीकडे काही आपटलं की तुम्ही रेडिओचा आवाज वाढवता, आणि सकाळी नळावर ती भेटली की विचारता, “काय गं, डोळे आले वाटतं?”

जाऊ दे. भवानी पेठेतल्या आमच्या दवाखान्यात असे किस्से साठत जातात, यंत्रमागाच्या खोलीत सुताची तुसं साठतात तसे. सकाळी झाडा, दुपारी कोपरा पुन्हा भरलेला. दवाखाना म्हणजे एका ट्रस्टच्या दोन खोल्या, एक लांब बाकडं, पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई, औषधाच्या खिडकीत अप्पा कंपाउंडर, आणि मी. समाजशास्त्रात एम. ए. केलं म्हणून बायकांशी बोलायला मला नेमलं. बोलायला तयार मी एकटीच होते!

*

आमच्याकडच्या बायका पडतात. मोरीत पडतात, ओट्यावरून पडतात, दारावर पडतात. एकदा एकजण भुवई फुटलेली आली.

“कशानं झालं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“जिन्यावरनं पडले.”

अप्पांनी खिडकीतून मान बाहेर काढली. “बाई, ही आमच्या शेजारची. आमच्या चाळीला जिनाच न्हाई.”

बाईंनी टाका पुरा केला, दोरा कापला आणि मगच वर पाहिलं. “अप्पा, जिना नाही हे मला आज सांगताय. ती पडत होती तेव्हा कुणाला सांगितलंत?”

अप्पा उरलेली दुपार बाटल्याच धूत बसले.

*

आमच्याकडे बाईमाणूस एकटं आत येत नाही. सोबत नवरा येतो, नाहीतर सासू, आणि उत्तरं तेच देतात. सुभद्रा आली तेव्हा दोघंही होते. तिला सातवा महिना. नवरा माणिक अक्कलकोट रोडला मागावर कामाला. सासू पारूबाई, तिचा जन्म गिरणीत गेलेला.

“कुठं दुखतं गं?” बाईंनी सुभद्राला विचारलं.

“डाव्या बरगडीत,” माणिक म्हणाला.

“झोप लागते?”

“लागती की. लई घोरती.”

बाईंनी शांतपणे थर्मामीटर झटकला आणि माणिकच्या तोंडात ठेवला. “मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचं नाही. हं सुभद्रा, आता तू सांग.”

बाकड्यावर हसू फुटलं. सुभद्रानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड बंद होतं, डोळे नव्हते. ती म्हणाली, “मोरीत घसरले.”

तिचं पहिलं मूल असंच मोरीत घसरून पोटातच गेलं होतं. बाईंनी थर्मामीटर काढून माणिकला स्पष्ट सांगितलं, हे मूल जगायला हवं असेल तर हिला आत्ताच माहेरी मोडनिंबला धाडा.

“पहिल्या खेपेला धाडत्यात म्हायेरी,” तो म्हणाला. “हिची पहिली खेप झाली की.”

पारूबाईचं डावं मनगट वाकडं जुळलेलं होतं. बाईंनी ते हातात घेतलं. “हे कशानं?”

“लई जुनं हाय. पडले हुते.”

*

या सगळ्यावर माझ्याकडे उपाय होता. मी एका कारखानदाराच्या मागे लागून नक्षी चुकलेली चादर मिळवली आणि तपासायच्या टेबलापुढे दोरीवर टाकली. चादरीच्या आत पेशंट, बाई आणि मी. सोबतची मंडळी बाहेर. मला वाटलं, झालं काम.

पण मागांच्या खडखडाटात वाढलेल्या या बायका! त्यांची कुजबुजही चार घरं ऐकतात. पहिल्याच दिवशी एकीनं आत मन मोकळं केलं, आणि बाहेरून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “आगं, मग भावाकडं जा की रहायला.”

बाकडं हसलं. तीही हसली. बाहेर बसलेली तिची सासू तेवढी हसली नाही.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता. “पडले,” ती म्हणाली. इतकं हळू, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

*

एक बाई यायची, तिला काहीच झालेलं नसायचं. नंबर घ्यायची आणि बाकड्याच्या टोकाला भिंतीशी बसायची. नंबर आला की म्हणायची, “दुसऱ्याला घ्या आदी.” मग डोकं भिंतीला टेकून गाढ झोपायची. मी दोनदा उठवायला गेले, दोन्ही वेळा बाईंनी मला हातानंच थांबवलं.

शेवटी बाईंनी तिला विचारलं, “झोपेची गोळी देऊ का घरी न्यायला?”

“नगं नगं,” ती घाबरून म्हणाली. “घरी झोप लागली तर कसं व्हायचं?”

*

मागावरच्या, गिरणीतल्या माणसांची आणखी एक बोली असते, ती मला फार उशिरा कळली. माग चालू असताना ओरडून उपयोग नसतो, म्हणून ही माणसं आवाजाशिवाय बोलतात. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. चादरीआड एकदा एक बाई तशी बोलायला लागली आणि बाहेरच्या बाकड्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

मग मी ते शिकायचंच ठरवलं. जी येईल तिच्यापुढे ओठ हलवत बसायची. एकीला हसू आवरेना.

“ताई,” ती म्हणाली, “तुमी ओठानंबी लई वरडता.”

*

सुभद्रा आठव्या महिन्यात पुन्हा आली. या खेपेला पाठीवर वळ होते आणि कारण विचारायची गरज नव्हती. बाई तिला तपासून हात धुवायला बेसिनकडे गेल्या. माणिक अप्पांच्या खिडकीशी औषधासाठी उभा होता, आमच्याकडे पाठ करून. पारूबाई बाकड्यावर.

सुभद्रानं माझा हात धरला. ओठ हलले. मला वाचता येत होतं.

“ह्ये लेकरू जाऊ देऊ नगा. मला मोडनिंबला धाडा. हितं ऱ्हायले तर मी बी जगत न्हाय.”

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं चादर बाजूला सरकली. समोर पारूबाई. तिची नजर सुनेच्या ओठांवर होती. जन्म गिरणीत गेलेली बाई. सुभद्रालाही ते त्याच क्षणी समजलं. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. मी चादर ओढून घ्यायला हात उचलला, पण आता ती ओढून काय होणार होतं?

माणिक वळला. “आय, आत काय चाललंय गं? काईच आवाज न्हाय.”

पारूबाईनं वाकडं मनगट पदराखाली घेतलं. सुनेकडे पाहिलं, मग लेकाकडे. बाई अजून आमच्याकडे पाठ करून हात धूत होत्या. त्यांनी तोंडातून शब्द काढलेला नव्हता.

“डॉक्टरीनबाई बोलत्यात,” पारूबाई म्हणाली, “आजच्या आज यष्टीनं मोडनिंबला न्या म्हनं हिला. तुजी पाळी हाय न्हवं मागावर? तू जा कामाला. मी जाते संगं.”