कडुनिंबाखालचं पर्जन्यमापक

त्या वर्षी उन्हाळाभर मी अमरावतीच्या कचेरीत पावसाच्या बेरजा करत बसलो होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका नाल्यावर तलाव बांधायचं घाटत होतं. त्यात पाणी किती साठेल, जादा पाणी सोडायचा सांडवा किती रुंद ठेवायचा, हे मागच्या पावसाच्या आकड्यांवरून मला काढायचं होतं. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं तरी खोली तापलेलीच. घामानं शाई पसरायची, आकडा पुन्हा लिहायचा.

बेरजा संपल्या आणि तलाव भरणारच नाही असं निघालं. पण मन मानेना. शेजारच्या मोजणीच्या ठाण्यांवर पाऊस पूर्वीइतकाच होता. नाल्याजवळच्या या एकाच गावी तो वर्षागणिक घटत गेला होता.

बैलांची दमणी जुंपून तिथं गेलो. डाकबंगल्याच्या आवारात पर्जन्यमापक होतं आणि शेजारचा कडुनिंब वाढून पार त्याच्यावर आला होता. पाऊस पानांतच अडत होता. मी ओट्यावर बसलो. उन्हाळाभराच्या बेरजा वाया गेल्या होत्या; पुन्हा उठायची इच्छाच होईना.

गावचे पाटील सोबत होते. "काय झालं, साहेब?"

"पाऊस चुकीचा मोजला गेलाय. मापक मोकळ्या जागी नेऊन पाऊस पुन्हा मोजावा लागेल. काही वर्षं."

"मंग तलाव होईन का नाई, तेवढं सांगा मले."

"थांबावं लागेल."

"आमच्या बाया कुठून कुठून पानी आनून राहिल्या, अन् तुमी अजून पाऊसच मोजून राहिले." आवाजात राग नव्हता.

कचेरीत आमचे इंजिनिअर म्हणाले, "शेजारच्या ठाण्यांची सरासरी धरा आणि प्रकरण संपवा."

मलाही तेच हवं होतं. तरी म्हणालो, "त्यानं वर्षाचा पाऊस कळेल, साहेब. पण तिथं एका दिवसात किती कोसळतो, ते कळणार नाही. सांडवा अपुरा पडून बांध फुटला, तर खाली गाव आहे."

त्यांनी नकाशावर बांधाखालचं गाव शोधलं. मग म्हणाले, "थांबू या."

माझी अकोल्याला बदली झाली. तलाव पुढं काही वर्षं पाऊस मोजून दुसऱ्यांनी बांधला, सांडवा रुंद ठेवून. एकदा त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा बांधावर चढलो. पाणी बऱ्यापैकी होतं, बायका घागरी भरत होत्या. पाटलांची चौकशी केली. तलाव पहिल्यांदा भरला, त्याच्या आदल्याच वर्षी ते वारले होते. तलावातलं पाणी पाहून आनंद व्हायला हवा होता. मी मात्र बांधावरच्या दगडावर नुसता बसून राहिलो; गाडीवानानं दोनदा हाक मारली, तेव्हा उठलो.