मेथोट्रेक्सेटच्या तीन बाटल्या

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाच नियम मोडला, आणि तोही माझ्या औषधाच्या चिठ्ठीवर. म्हणून ही हकिकत मलाच सांगायला हवी. दुसरं कोण सांगणार? हे तर गेले.

ह्यांचं नाव संभाजी. पुण्यातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत स्टोअरकीपर होते. शास्त्रज्ञांना लागणारी रसायनं, औषधं, काचेची भांडी मागवायची, आली की तपासायची आणि सही घेऊन द्यायची. कुणी पोरगा धापा टाकत येऊन "काका, अर्जंट आहे हो!" म्हणाला की हे चष्म्यावरून बघायचे. "अर्जंट होतं तर काल यायचं होतं." झालं, संपलं! घरातसुद्धा साखरेच्या डब्यावर भरल्याची तारीख चिकटवणारा माणूस. मी म्हणायचे, अहो, हे घर आहे, तुमचं स्टोअर नव्हे. तर म्हणायचे, "म्हणूनच मुंग्या होतात."

पण त्या काटेकोरपणामागचं कारण मला ठाऊक होतं. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकवलं. मंगळवार पेठेतल्या आमच्या आळीतून संस्थेत खुर्चीवर बसलेले हे पहिलेच. "दुसऱ्याच्या हातून चूक झाली तर ती त्याची एकट्याची असते, हिरा," असं म्हणायचे. "माझ्या हातून झाली की आपल्या सगळ्यांची होते." म्हणून एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही कधी.

आणि मग अक्षता आली. लोणी काळभोरची. तिचे वडील सोनबा तिथल्या कॉलेजात शिपाई होते. पोरगी पीएच.डी. करायला थेट ह्यांच्या संस्थेत. आपल्यातलीच आहे हे कळल्यावर ह्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू! "हिरा, आपली पोरगी डॉक्टर होणार!" जणू पोटची लेक. आम्हाला मूलबाळ नव्हतं, हेही सांगून टाकते. दर रविवारी ती जेवायला यायची. माझ्या हातची सुकटीची चटणी तिला फार आवडायची, आणि कणीक मात्र तीच मळायची, कारण मला संधिवात. बोटं अशी वाकली होती की खडू धरता येईना, महापालिकेच्या शाळेतली नोकरी सोडावी लागली.

त्या संधिवातावर डॉक्टरांनी मला मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन लावलं होतं, आठवड्यातून एकदा. बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी. हे ऐकून अक्षता खो खो हसली. "काकू, तुमच्या दंडात चाललंय तेच माझ्या बशीत चाललंय!" ती कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायची. त्यांच्यावर मेथोट्रेक्सेट घातलं की पेशींना फॉलिक ॲसिड वापरता येत नाही आणि त्या मरतात. मग वेगळ्या प्रकारचं, फोलिनिक ॲसिड दिलं की वाचतात. कधी वाचतात, कधी नाही, का नाही, यावर तिचा प्रबंध.

शहाण्णव सालची गोष्ट. बाजार खुला झाला म्हणून नुसता गाजावाजा. दुकानांतून परदेशी चॉकलेटं, परदेशी साबण. पण अक्षताला लागणारी मेथोट्रेक्सेटची ती चिमूटभर शुद्ध पावडर मात्र येता येईना! आधी तीन कोटेशनं, मग मंजुरी, मग परदेशात ऑर्डर, आणि एवढं सगळं होऊन पार्सल मुंबईला कस्टममध्ये अडकलेलं. हे रोज फोन करायचे. तिची फेलोशिप दिवाळीला संपणार होती, आणि इकडे जानेवारी संपत आला तरी बशा रिकाम्या. एका रविवारी कणीक मळता मळता पोरगी रडली. दुसऱ्या दिवशी हे माझी चिठ्ठी घेऊन कसब्यातल्या मेडिकलमध्ये गेले आणि तीन बाटल्या घेऊन आले.

पेशंटचं औषध प्रयोगाला द्यायचं, तेही स्टोअरच्या वहीत नोंद न करता! चौकशीच लागली असती. म्हणून ह्यांनी बाटल्यांची लेबलं भिजवून काढली, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात नवी लावली, आणि अक्षताला सांगितलं, "दुसऱ्या लॅबमधून उसनं आणलंय. शुद्ध पावडर पाण्यात विरघळवलेली आहे." तिने ह्यांच्यावर विश्वास ठेवला. ह्यांच्यावर कोण नाही ठेवणार? रिकामी खोकी मी बटणं ठेवायला घेतली.

एप्रिलमध्ये पोरगी पेढे घेऊन आली. तिच्या पेशी फोलिनिक ॲसिड देऊनही मरत होत्या, कितीही दिलं तरी! हे काहीतरी नवीनच आहे, तिचे गाईड सर म्हणतात मोठा पेपर होईल. हे तर आळीभर सांगत सुटले.

जूनच्या शेवटी मुंबईहून पावडर सुटली. तिने तोच प्रयोग शुद्ध पावडरीवर केला, आणि पेशी वाचल्या. परत केला, परत वाचल्या. तिसऱ्यांदाही तेच. एप्रिलचा सगळा शोध पाण्यात गेला. सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "तुझा हात भरवशाचा नाही." मेला तोंडाचा फटकळ! त्या रविवारी ती परातीपुढे बसली, आपल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "काकू, माझ्या हातातच दोष आहे."

ती गेल्यावर ह्यांनी माझं बटणांचं एक खोकं रिकामं केलं. खोकं उलटं करून बारीक अक्षरं वाचली. औषध टिकावं म्हणून त्यात बेन्झाइल अल्कोहोल घातलेलं होतं. ते काय असतं हे ह्यांना कुणी सांगायला नको होतं, त्याची बाटली ह्यांच्याच स्टोअरच्या कपाटात होती. पेशी मेथोट्रेक्सेटने मरत नव्हत्या, ह्या भेसळीने मरत होत्या. मग फोलिनिक ॲसिड बिचारं काय करणार? 

"उद्या सकाळी सरांना सांगतो," म्हणाले.

आणि मी, मी म्हणाले, "काही गरज नाही." हो, मीच. "पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. लेबल बदललंत तुम्ही, कुणी दया नाही दाखवणार. तुम्हीच म्हणता ना, आपली चूक सगळ्यांची होते? पोरगी हुशार आहे, करेल दुसरं काहीतरी." हे माझं सहसा ऐकत नसत. त्या दिवशी मात्र ऐकलं. का ऐकलं असेल, देव जाणे.

अक्षताने दिवाळीला प्रबंध अर्धवट टाकून संस्था सोडली. कॉम्प्युटरचा कोर्स केला, नोकरी लागली. आमच्याकडे येणं कमी होत होत थांबलं. हे सन्मानाने निवृत्त झाले. शाल मिळाली, "निष्कलंक सेवा" असं लिहिलेलं मानपत्र मिळालं. ते ह्यांनी भिंतीवर लावू दिलं नाही.

मागच्या वर्षी हे गेले. काही महिन्यांनी मी ते खोकं पर्समध्ये घातलं आणि बस पकडून हिंजवडीला अक्षताच्या कंपनीत गेले. काय त्या काचेच्या इमारती! गेटवर नाव सांगितलं, तासाभराने ती खाली आली. गळ्यात कार्ड, केसांत चार पांढरे. कँटीनमध्ये चहा घेतला. काका गेल्याचं तिला उशिरा कळलं होतं, डोळे भरून आले तिचे. मी सगळं सांगितलं. एक शब्द वगळला नाही. मग खोकं टेबलावर ठेवलं.

तिने ते फिरवून बारीक अक्षरं वाचली. दोनदा वाचली.

"तुम्हाला कधी कळलं, काकू?"

बावीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं होतं मी. "परातीपुढे बसून तू 'माझ्या हातातच दोष आहे' म्हणालीस ना, त्याच दिवशी. हे सांगायला निघाले होते. मी अडवलं."

 मला वाटलं, ती ओरडेल, रडेल. तसं काही झालं नाही. जुनी अक्षताच बोलायला लागली, बशा मांडून दाखवावं तशी.

"एक बशी जास्तीची लावायची होती, काकू. औषध नाही, नुसतं हे अल्कोहोल घालून. त्याही पेशी मेल्या असत्या की कळलं असतं, दोष माझ्या हातात नाही. एका आठवड्याचं काम." तिने कप बाजूला सारला. "त्या रविवारनंतर मी चार महिने तिथेच होते."

मी खोकं परत घ्यायला हात पुढे केला. तिने ते दिलं नाही.