तीन वेळा धुतलेला पेसमेकर

तात्यांनी सदऱ्याची बटणं काढली आणि मला त्यांचा पेसमेकर दिसला. पेसमेकर दिसायचा नसतो. ती डबी खांद्याखाली कातडीच्या आत असते, तिच्या तारा शिरेतून हृदयात जातात. इथे कातडी फाटून डबीचा कोपरा बाहेर आला होता. बाजूने पू.

तात्या कोऱ्हाळे बुद्रुकचे, ऊसवाले. मी बारामतीत हृदयाचा डॉक्टर. पेसमेकर आमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या सरांनी बसवलेला. पू झाल्यावर त्यांनी ती जागा तीन वेळा धुऊन शिवली आणि तिन्ही वेळा केसपेपरवर लिहिलं, 'जखम उत्तम'. तिसऱ्या वेळी मीही शेजारी उभा होतो. गप्प.

आता मी बोललो. जंतू डबीवर आणि तारांवर थर धरून बसतात, तिथे औषध पोचत नाही. सगळंच काढावं लागेल, तेही पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात.

"एवढ्याशा पुवासाठी?" सर म्हणाले. पुण्याचे लोक काय म्हणतील, हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

मी रक्त कल्चरला पाठवलं, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायला. रक्तातही जंतू निघाले. सरांना अचानक मीटिंग आठवली.

मग तात्यांचे मेहुणे संपतराव आले. कारखान्याचे माजी संचालक, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं कळतं. जुनं राहू द्या, उजवीकडे आजच नवीन बसवा, असा त्यांनी ठराव मांडला. रक्तात जंतू असताना नवीनही सडेल, हे त्यांना दोनदा समजावलं. ठराव मागे घेतला नाही.

शेवटी मी तात्यांनाच सांगितलं. जुन्या तारा शिरेला चिकटलेल्या असतात, ओढताना शीर फाटू शकते. म्हणून पुण्याला, सर्जन तयार ठेवून. तोवर ठोक्यांसाठी मानेतून तात्पुरती तार. रक्त स्वच्छ झालं की उजवीकडे नवी डबी, नाहीतर मांडीच्या शिरेतून थेट हृदयात सोडायची छोटी पेसमेकर-कॅप्सूल. तिला तारा नाहीत, कातडीखाली डबी नाही.

तात्यांनी एकच विचारलं, "तितं तुमच्या सरांचा हात पोचतो का?"

"नाही."

"मग तीच बसवा."

पुण्यात दुसरी तार निघताना रक्तदाब कोसळला. मी काचेबाहेरून बघत होतो. सर्जन पुढे सरकले, तेवढ्यात तार सुटली आणि दाब सावरला. काही आठवडे इंजेक्शनं, रक्त स्वच्छ, मग कॅप्सूल. तात्या आता बांधावर उभं राहून तोडणीवाल्यांना शिव्या देतात.

सरांनी या केसवर इंदापूरच्या डॉक्टरांपुढे भाषण दिलं. विषय, 'वेळीच निर्णय'. मी टाळ्या वाजवल्या, नोकरी आहे.

तुमच्या घरी कुणाच्या पेसमेकरची जागा लाल झाली, पू आला, तर डॉक्टरांना विचारा, धुणार की काढणार? धुणार म्हणाले, तर फाइल घ्या आणि उठा.