मागच्या प्रश्नाचं उत्तर

मानसशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर जिन्याला वळसा घालून गेलं की एक लांबट खोली लागायची. खिडक्यांना जाड काळे पडदे, भिंतींना आवाज पिऊन टाकणारा फोम, मधोमध टेबल, खुर्ची आणि संगणक. बाहेर भर दुपार असली तरी आत कायम तिन्हीसांजेसारखं वाटायचं. या खोलीची राखणदार म्हणजे ताई. कागदोपत्री ती प्रयोगशाळा सहाय्यक. विद्यार्थी तिच्यामागे तिला स्क्रिप्टताई म्हणायचे आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

खोलीतले प्रयोग दिसायला अगदी साधे. माणूस खुर्चीत बसायचा. स्क्रीनवर बेरजेचं चिन्ह उमटायचं, जरा वेळाने त्याच जागी बाण. बाण डावीकडे असला की डावं बटण, उजवीकडे असला की उजवं. बटण दाबायला किती वेळ लागला ते संगणक टिपून ठेवायचा. काय, केव्हा आणि किती वेळ दिसायचं हे सगळं एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांच्या फाइलमध्ये, लिहिलेलं असायचं, आणि ती स्क्रिप्ट रुसली की ताईला बोलावणं यायचं.

"ताई, कालपर्यंत मस्त चालत होती हो!"

"मग आज काय बदललंस?"

"काहीच नाही, शप्पथ." मग खाली मान घालून, "म्हणजे, फोल्डरचं नाव तेवढं बदललं."

ताई हसायची, खुर्ची ओढून बसायची आणि स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून वाचायला लागायची. कुणाच्या स्वल्पविरामाचा पत्ता नसे, कुणी चित्रांची फाइल घरीच विसरून आलेलं असे. तिला घाई कधीच नसायची. काम झालं की ती स्वतः एकदा प्रयोग करून बघायची, आणि खरं सांगायचं तर तेच तिचं सुख होतं. चिन्ह उमटून गेल्यावर बाण येईपर्यंतचा तो क्षण! स्क्रीन राखाडी, खोली गप्प, बोट बटणावर टेकलेलं, आणि अजून काहीच घडलेलं नाही. त्या इवल्याशा वेळात तिची तंद्री लागायची. आपण एखाद्या निवांत तळ्याच्या काठाशी बसलोय आणि पाण्यातून काहीतरी हळूहळू वर येतंय, असं तिला वाटायचं.

घरी ती आणि तिची आत्या, दोघीच. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून ताईला आणि तिच्या मोठ्या भावाला आत्यानेच वाढवलं. आत्या नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या काठावरची पोरंसुद्धा दचकून पाय मारायला लागत. पण गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, चालणं जमलं. बोलणं मात्र बिनसलं. शब्द स्पष्ट, पण जागा चुकलेले. चहा घेणार का विचारलं तर उत्तर यायचं, "दार लाव ना." दार लावू का विचारलं तर, "साखर कमी घाल." डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. शेजारीण म्हणाली, बाई भ्रमिष्ट झाली. हळूहळू ताईही आत्याशी कमीच बोलायला लागली. आपण विचारावं आणि भलतंच ऐकावं, याने जीव तुटायचा.

दादा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. एका रविवारी तो आला आणि आत्यासमोर स्टूल ओढून बसला.

"आत्या, मी कोण? ओळखलंस?"

आत्या त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. दादाचा पाय हलायला लागला.

"बरं, आज वार कुठला?"

"माझा मोठा," आत्या म्हणाली.

"वार, आत्या. वार विचारतोय. जेवलीस का?"

"रविवार."

दादाने कपाळाला हात लावला. जाताना जिन्यात त्याने ताईला थांबवलं. "चिमे, तिचं आता तिच्याजवळ काही उरलं नाही. तू दिवसभर कामावर असतेस. एक चांगली संस्था आहे, लोक प्रेमाने सांभाळतात. मी चौकशी करून ठेवली आहे. पुढच्या रविवारी ठरवून टाकू." ताईला रडू फुटलं नाही की राग आला नाही. तिने नुसती मान हलवली, आणि मग जिन्यातल्या उजेडात तरंगणारी धूळ बघत कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली.

त्याच आठवड्यात एक संशोधक मुलगी ताईकडे आली. कायम घाईत, केस वर गुंडाळून त्यात पेन्सिल खुपसलेली. ती तरुण आणि म्हाताऱ्या माणसांना बाणांचा प्रयोग देत होती. तरुणांचं सगळं व्यवस्थित होतं. म्हाताऱ्यांची उत्तरं मात्र निम्मी बरोबर, निम्मी चूक. नाणं उडवून दिल्यासारखी.

"म्हणजे वय झालं की माणसाला डावं-उजवंच कळेनासं होतं?" ताईने विचारलं.

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पण माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, हे काही पटत नाही. माणसं रस्ता ओलांडून इथपर्यंत आली ना धडपणे? आधी स्क्रिप्ट तपासून घे, म्हणाल्या."

"ती माणसं काही म्हणत होती का? प्रयोग करताना?"

मुलगी जरा ओशाळली. "एक आजोबा सारखे कुरकुरत होते, बाण पळतो म्हणून. मी म्हटलं, होतं आजोबा असं."

बाण पळतो! ताईच्या मनात हे कुठेतरी अडकून राहिलं. तिने स्क्रिप्ट वाचली. चूक अशी दिसेना. प्रयोग करून पाहिला. बाण जागच्या जागी, सगळं सुरळीत. मग तिने डोळे मिटले आणि ते आजोबा कसे बसले असतील याचा विचार केला. चष्मा सावरत, बोट उचलत, पुन्हा खात्री करून घेत. तिने परत सुरुवात केली, पण या वेळी मुद्दाम सावकाश.

बाण आला, डावीकडचा. तिने तो नीट पाहिला. दोन सेकंदांची मुदत संपून बाण गेला, बेरजेचं चिन्ह आलं, आणि मग तिने डावं बटण दाबलं. पुढचा बाण उमटला न उमटला तोच गडप! उजवीकडचा होता, एवढंच पापणी लवायच्या आत दिसलं. तिने उजवं बटण दाबलं. त्याच्या पुढचा बाणही तसाच पळाला.

ताई खुर्चीत मागे टेकून बसली. उशिरा दाबलेलं बटण संगणक टाकून देत नव्हता. ते राखून ठेवायचा आणि पुढचा बाण दिसताच त्याच्या नावावर लावून मोकळा व्हायचा. एकदा का माणूस मागे पडला, की मागेच. उत्तर देतोय ह्या बाणाचं, लिहिलं जातंय त्या बाणाचं.

तिने मुलीला हाक मारली. दोघींनी म्हाताऱ्यांची उत्तरं उघडली आणि उत्तरांचा रकाना एका ओळीने वर सरकवला. आजोबांची उत्तरं बघता बघता बाणांशी जुळत गेली. मुलगी तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"ताई, अहो, यांना सगळं बरोबर कळत होतं!"

"कळतच होतं," ताई म्हणाली. "फक्त उत्तर पोचेपर्यंत आपण पुढचं विचारत होतो."

वाक्य तोंडातून गेलं आणि तिच्या कानात आत्याचे शब्द वाजायला लागले. दार लाव ना. साखर कमी घाल. माझा मोठा. रविवार. मुलीने काय झालं म्हणून विचारलं, पण ताईला ते जणू पाण्याखालून ऐकू आलं. बाण दाखवण्याआधी आधीच्या बटणाची नोंद पुसून टाकावी, एवढी एक ओळ तिने स्क्रिप्टमध्ये घातली, मुदत वाढवली आणि पर्स उचलून निघाली.

घरी येईपर्यंत ऊन कलतं झालं होतं. रस्ता, झाडं, सायकली, सगळं तिला संथ चालल्यासारखं दिसत होतं. जणू शहरानेच पाऊल आखडलं होतं. आत्या खिडकीशी बसली होती. ताईने चपला काढल्या, तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि विचारलं, "आत्या, चहा घेणार?"

मग ती थांबली.

थांबणं इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. ओठांवर दुसरा प्रश्न येऊन थबकत होता. बरं वाटत नाही का? ऐकू आलं का? तिने ओठ घट्ट मिटून घेतले. नळ ठिबकत होता. पडदा आत आला, बाहेर गेला. आत्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी फार दुरून चालत येत होतं. ताईला ते दिसत होतं, आणि रोज तिने ते अर्ध्या वाटेतच परत पाठवलं होतं.

"घेईन की," आत्या म्हणाली. "आलं असलं तर घाल."

ताई तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडली. आत्याचा हात तिच्या केसांवर आला, तोही अंमळ उशिरानेच.

"आज लवकर कशी आलीस, चिमे?" आत्याने विचारलं. आणि या वेळी उत्तर द्यायला ताईलाच बराच वेळ लागला.

रविवारी दादा संस्थेचा फॉर्म खिशात घालूनच आला. ताईने त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर 'हिला कसं समजवावं' हेच लिहिलेलं. "हे बघ, तुझ्या त्या संगणकाचं वेगळं आणि माणसाचं वेगळं."

"एक प्रश्न विचार. एकच. मग मी हात काढेपर्यंत बोलायचं नाही." तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

दादाने घसा साफ केला. "आत्या, लहानपणी तू मला पाण्यात ढकललं होतंस, आठवतं?"

दादाचा पाय हलायला लागला. त्याने तोंड उघडलं, ताईने मनगट दाबलं, त्याने मिटलं. त्याची नजर आधी घड्याळाकडे गेली, मग आत्याकडे, आणि हळूहळू तिथेच थांबली. पायही थांबला.

"ढकललं नव्हतं," आत्या म्हणाली. "तूच घसरलास. आणि घरी येऊन माझं नाव सांगितलंस, लबाडा."

दादा आधी खो खो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज बदलला. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. फॉर्मची गोष्ट मग कुणी काढली नाही. दिवसा सोबतीला एक बाई ठेवायचं ठरलं. कामाच्या पहिल्याच सकाळी ताईने तिला शेजारी बसवून शिकवलं: एक विचारायचं आणि थांबायचं.

संशोधक मुलीने प्रयोग नव्याने केला. म्हातारी माणसं हळू निघाली, पण चुकली फारच थोडी. कुरकुरणारे आजोबा परत आले तेव्हा तिने आधी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मी सांगत होतो ना!" आणि ऐटीत खुर्चीत बसले.

आत्याचं बोलणं काही भरभर झालं नाही. घराचीच चाल बदलली. जेवताना दोन घासांच्या मध्ये एखादं उत्तर तरंगत यायचं आणि कुणालाच त्याचं नवल वाटेनासं झालं. दादा आता दर बुधवारी आत्याला फोन करायचा. एकदा त्याची बायको खोलीत आली, तर हा फोन कानाला लावून खिडकीबाहेर बघत नुसता उभा.

"लाइन गेली का?" तिने विचारलं.

त्याने हाताने तिला थांबायची खूण केली. "नाही गं. आत्या बोलतेय."

ती कपड्यांच्या घड्या घालत तिथेच बसली. बऱ्याच वेळाने तो फोनवर म्हणाला, "हो, हो, तेच म्हणतोय मी," आणि पुन्हा गप्प झाला.