त्यांनी वायर उपटली

रबाळ्याच्या आमच्या डेटा सेंटरमध्ये साताऱ्याकडचे एक इंजिनिअर आहेत. लिफ्टचं बटणसुद्धा ते दोनदा विचारून दाबतात. वर्षभर त्यांना एकच वेड आहे, वीज गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीचं. "साधी मेमरी कोरी हुती बगा. मग डिस्कवरनं सगळ्या नोंदी परत वाचायच्या, अन् तवर गिऱ्हाईक ताटकळतंय," असं ते चहा गार होईपर्यंत सांगतात.

या मेमरीची चाचणी फसली तर प्रयोग बंद, असं साहेबांनी बजावलं होतं. परवा साहेबांसमोर, ती मेमरी बसवलेल्या, नोंदींनी भरलेल्या चालू सर्व्हरची वायर त्यांनी स्वतःच्या हातानं उपटली. परत जोडली, तर सर्व्हर सुरू होताच प्रत्येक नोंद जागच्या जागी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. हे मात्र डोळे गच्च मिटून उभे. माझी बाही ओढत हळूच म्हणाले, "आलं का वो सगळं?"