दगडूतात्यांची गेरूची खूण

तक्रारदार : दगडूतात्या, वय साठीच्या आसपास, गावकामगार कोतवाल, राहणार निरा नदीकाठचे आमचे गाव, तालुका इंदापूर.
ज्याच्याविरुद्ध तक्रार : वरील इसम, म्हणजे तोच.
घटनेचा दिवस : पूर ओसरल्यानंतरचा तिसरा.
घटनेचे ठिकाण : खालच्या आळीतील शेवटचे घर, खिडकीशेजारची भिंत.
साक्षीदार : जैनबवहिनी, धंदा बांगड्या विकणे, त्याच घराच्या मालकीण.

इंदापूरच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून मी अर्ज लिहितो. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु माझ्या हातचा मजकूर अपुरा म्हणून परत येत नाही, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. लोक माझ्याकडे भावाविरुद्ध येतात, शेजाऱ्याविरुद्ध येतात, सुनेविरुद्धही येतात. स्वतःविरुद्ध अर्ज लिहून घ्यायला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गावचे टपाल कचेरीत पोचते करून झाले की दगडूतात्या माझ्यासमोर उकिडवे बसत, डोक्याचा पटका सोडून गुडघ्यावर ठेवत आणि म्हणत, "बापूराव, लिवा. आज लिवाच."

मी लिहीत असे. लिहून झाले की ते मजकूर मोठ्याने वाचायला लावत. डोळे मिटून ऐकत, मध्येच "व्हय, बरुबर" म्हणत. आणि शेवटच्या ओळीनंतर अंगठा पुढे करण्याऐवजी पटका बांधत म्हणत, "झकास लिवलंय. पर र्‍हाऊ द्या." असे किती वेळा झाले याची गणती मी ठेवलेली नाही.

तात्यांना शाळा ठाऊक नव्हती. पण पुराचे पाणी ओसरले की घराघराच्या भिंतीवर पाण्याची खूण करण्याचे काम गावाने त्यांच्याकडेच दिले होते. ते गेरू जवसाच्या तेलात कालवीत. साध्या पाण्यातला गेरू एका पावसात जातो, तात्यांची खूण जात नसे, आणि याचा त्यांना फार अभिमान. खूण करून झाली की घरातल्या पोरांना दरडावून सांगत, "सरकारी खूण हाय. हात लावायचा न्हाय."

त्या वर्षी वादळी पाऊस झाला, धरणातून पाणी सुटले आणि नदी खालच्या आळीत शिरली. पाणी उतरल्यावर मदतीसाठी पंचनामे सुरू झाले. तलाठी छत्रीखाली कागद घेऊन उभे, आणि पुढे तात्या कुंचला घेऊन. पाणी खिडकीच्या वर गेले असेल तर घराची पूर्ण पडझड धरायची, खाली राहिले असेल तर थोडी, असा त्या वेळचा हिशेब होता. तात्यांचे सख्खे धाकटे भाऊ हात जोडून म्हणाले, "दादा, वाईच वर घे की. कुनाच्या बापाचं काय जातंय?"

तात्यांनी कुंचला होता तिथेच टेकवला. "पानी कुठवर आलं ते भित्तीला ठावं हाय. तिला इचार."

त्या दिवसापासून भाऊ त्यांच्याशी बोलत नव्हते. तलाठी मागे कागद भरीत राहिले आणि तात्या एकटेच पुढच्या घरी गेले. ते जैनबवहिनींचे.

जैनबवहिनींचे पती त्याच उन्हाळ्यात वारले होते. तात्यांची आणि त्या पतींची लहानपणापासूनची सोबत. दोघे नदीत पोहायला एकत्रच शिकलेले. वहिनींचा मुलगा बारामती एमआयडीसीत कामाला लागून तिकडेच खोली करून राहिलेला. घराची नदीकडची भिंत बसली होती, आणि वहिनी घमेल्यात बांगड्या विसळून चिखल काढीत होत्या. पुढचे बोलणे तात्यांनी मला इतक्या वेळा सांगितले आहे की ते मी समक्ष ऐकल्यासारखे लिहू शकतो.

"वहिनी, पानी कुठवर?"

"खिडकीच्या खाली, तात्या. वीतभर खाली."

तात्यांनी कुंचला उचलला आणि खिडकीच्या वर टेकवला.

"अवं, तितं न्हाय आलं!"

"गप बसा वहिनी. पानी मी बघितलंय."

वहिनी गप्प बसल्या. मदत मिळाली. त्यांनी विटा आणून अंगणात रचून ठेवल्या आणि गवंडी मोकळा होण्याची वाट पाहू लागल्या. एवढ्यात उन्हाळा आला, आणि त्याबरोबर नकाशे घेऊन साहेब आले. नदीकाठच्या गावांत पूररेषा आखायची होती. गावातल्या जुन्या खुणा हाच आधार. ज्या घरात पाणी खिडकीच्या वर गेले ते घर रेषेच्या आत. रेषेच्या आत नवी भिंत नाही, पडलेली भिंत उभारायलाही परवानगी नाही. खालच्या आळीत असे घर एकच निघाले.

तात्या साहेबांच्या मागे चालत होते. साहेबांनी त्या खुणेवर बोट ठेवून विचारले, "ही खूण नक्की ना?" तात्यांच्या तोंडून सवयीने निघून गेले, "माझी खूण हाय, साहेब. खोटी न्हाय." हे वाक्य ते मला सांगत तेव्हा दर वेळी जमिनीकडे पाहत.

त्यानंतर त्यांनी ओल्या गोणपाटाने ती खूण घासून पाहिली, विटेच्या तुकड्याने खरवडून पाहिली. तेलातला गेरू भिंतीत मुरला होता. वहिनी दारात उभ्या राहून हसत म्हणाल्या, "तात्या, सरकारी खूण हाय. हात लावायचा न्हाय!" त्या थट्टेने तात्या जितके खचले तितके शिव्यांनी खचले नसते.

तेव्हापासून ते माझ्यासमोर येऊन बसू लागले. "खोटी खूण मी क्येली, मला काय व्हायचं ते हू द्या, पर बाईची भित हू द्या, असं लिवा." मी लिहिले. पण अर्जनविसाचे कर्तव्य म्हणून बजावलेही, की हा कागद आत गेला तर तुमची कोतवाली जाईल, आणि खोट्या खुणेवर घेतलेली मदत वहिनींकडून वसूल होईल. पहिल्या गोष्टीवर ते म्हणत, "जाऊ द्या." दुसरीवर मात्र पटका डोक्याला बांधत. माझा सल्ला कायद्याने बिनचूक होता, आजही आहे. तो देऊन मी घरी जाई, भाकरी खाई, आणि घास तोंडात फिरत राही.

अखेर तात्यांनी स्वतःच्या बुद्धीने एक निवाडा केला. त्यांची पत्नी पूर्वीच वारली होती, घर रिकामेच होते. त्यांनी घराचा पुढचा सोपा झाडून वहिनींना दिला आणि आपले अंथरूण चावडीत नेले. वहिनी आधी तयार नव्हत्या. मुलगा एमआयडीसीत बोलावत होता, तिकडेही त्या जाईनात, म्हणत, "तितं माझ्या हातनं बांगड्या कोन भरनार? हितं लगीन ठरलं की आधी माझ्याकडं येत्यात." तीन भिंतींच्या घरात मात्र धंदा होईना. शेवटी तात्याच बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन चालू लागले, आणि त्या मागून आल्या.

गावातल्या पारावर लोकांनी टोमणे मारायचे ते मारले. "काय तात्या, सोत्ताच्या घरचा पाव्हना झाला व्हय?"

"चावडी बी माझीच हाय," तात्या म्हणत. "घरीच झोपतूया मी."

मला मात्र ते वेगळे बोलले. "बापूराव, सोपा दिला त्यानं भित उभी र्‍हाती व्हय? तिला तिचं घर पायजे. माझं न्हाय."

कोतवालीतून मोकळे झाल्यावर पुढच्याच पावसाळ्यात त्यांना ताप भरला. बारामतीच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो. पटका उशाशी होता. म्हणाले, "आता नोकरी न्हाय, आन् मी बी न्हाय र्‍हात. आता तरी कागद आत जाऊ द्या. वहिनीला इचारून." ते दवाखान्यातून परतले नाहीत. भाऊ आले, खांदा दिला.

मी वहिनींकडे गेलो. सोप्यात त्या एका मुलीच्या हातात हिरवा चुडा भरीत होत्या. मुलगी जाईपर्यंत मी थांबलो आणि सर्व मजकूर वाचून दाखवला. मदत परत मागतील, हेही स्पष्ट सांगितले.

"मागू द्या. हात हायेत माजे," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ काचेचे तुकडे गोळा करीत राहिल्या. "बापूभाऊ, त्यात तात्याचं एकट्याचंच नाव का?"

"त्यांनीच तसे सांगितले होते."

"खूण त्यांनी क्येली. पर गप मी बसले. माझं नाव साक्षीदारात नगं. तात्याच्या खाली लिवा."

सबब विनंती की, साक्षीदार म्हणून वर दाखविलेले जैनबवहिनींचे नाव त्यांच्याच इच्छेने आरोपींमध्ये घ्यावे. आरोपी क्रमांक एक मयत आहे, त्याने आपली शिक्षा हयातीतच चावडीत भोगली. साक्षीदाराची जागा आता रिकामी राहते. घटना मी पाहिलेली नाही. तरीही सर्व काही जाणून मी इतका काळ कागद दाबून बसलो, म्हणून तेथे माझे नाव लिहीत आहे. शेवटच्या घरावरील खूण खिडकीखाली वीतभर घ्यावी, रेषा त्याप्रमाणे सरकवावी आणि एका भिंतीची परवानगी द्यावी. विटा अंगणात तयार आहेत. त्यांवर घोसाळ्याचा वेल चढला आहे, तो काढून घेऊ.

उत्तर जरूर द्यावे. पत्ता दगडूतात्यांचा सोपा. तेथे सध्या बांगड्यांचे दुकान आहे.