बाक, बँक आणि बेंच

आमच्या नारायण पेठेतल्या शाळेत बेंच नव्हते, बाक होते. एका बाकावर तिघं बसायचे, परीक्षेच्या काळात दोघं. बाकावर कर्कटकाने नाव कोरणं हा गुन्हा होता आणि तो प्रत्येकाने केलेला होता. इंग्रजी शिकवायला मला माझे वडीलच होते. हे सांगितलं की लोक म्हणतात, वा, नशीबवान आहेस. ज्यांना असं वाटतं त्यांनी स्वतःच्या बापाला चाळीस मुलांसमोर ‘सर’ म्हणून बघावं.

सातवीत असताना धड्यातला एक म्हातारा नदीच्या ‘बँक’वर बसला होता. सरांनी मला उठवलं आणि वाक्याचा अर्थ विचारला. मी म्हणालो, “एक म्हातारा नदीच्या बँकेत बसला होता.”

“कोणत्या शाखेत?” सरांनी विचारलं.

वर्ग हसला. मी गप्प बसलो असतो तर तिथेच मिटलं असतं. पण तोंड आवरणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. “सर, शब्द एकच आहे ना, म्हणजे वस्तूपण कुठेतरी एकच असणार.” वडिलांशी एक वेळ वाद घालता येतो, सरांशी नाही, आणि माझ्यासमोर दोघं एकाच सदऱ्यात उभे होते.

“बाकावर उभा रहा. मी बस म्हणेपर्यंत.”

उभा राहिलो. घंटा झाली. सरांनी डस्टर उचललं आणि ते निघून गेले. बस काही म्हणाले नाहीत. पुढचा तास चित्रकलेचा. बाईंनी विचारलं, कोणी उभं केलं? उत्तर ऐकल्यावर म्हणाल्या, “तुझ्या वडिलांनी उभं केलंय, मी बसवलं तर मलाच ऐकून घ्यावं लागेल.” शाळा सुटेपर्यंत मी बाकावर उभा होतो. घरी आल्यावर सरांचे बाबा झाले होते आणि त्या विषयावर त्यांनी चकार शब्द काढला नाही. मला भयंकर राग आला. तो मी पुढे बरीच वर्षं नीट जपून ठेवला.

मग देशाची दारं उघडली. पेठेत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या, आणि ज्याला स्कूटरचा प्लगसुद्धा साफ करता येत नाही असा मेकॅनिकल इंजिनियर मी सॉफ्टवेअरमध्ये चिकटलो. बाबा रिटायर झाले, आम्ही कोथरूडला सोसायटीत राहायला गेलो. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून मी कंपनीच्या बसने जायचो-यायचो. आईला त्या पट्ट्याचं फार कौतुक. पुढे अमेरिकेत मंदी आली, माझं प्रोजेक्ट तिकडच्या तिकडे बंद झालं आणि मॅनेजर म्हणाला, “आजपासून तू बेंचवर.”

ज्याच्याकडे प्रोजेक्ट नाही तो बेंचवर. पगार चालू, काम शून्य. नव्वद दिवसांत दुसऱ्या प्रोजेक्टने उचललं तर ठीक, नाहीतर नारळ. आम्हा लोकांसाठी पाचव्या मजल्यावर वेगळा हॉल होता आणि त्यात बेंच एकही नव्हता. सगळ्या गोल फिरणाऱ्या खुर्च्या. साठ माणसं, वीस कॉम्प्युटर. लवकर पोचेल त्याला पत्त्यांचा डाव, उशिरा येईल त्याला खिडकी. आयुष्यात इतक्या वेळेवर मी ऑफिसला कधीच गेलो नव्हतो.

घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. आई रोज विचारायची, ऑफिसात काय चाललंय? एकदा खोटं बोलायचा कंटाळा आला म्हणून म्हणालो, सध्या बेंचवर आहे. तिला ती बढती वाटली. तिने जिन्यात शेजारच्या काकांना सांगितलं. हे काका नागपूरचे, सगळी हयात कोर्टातल्या कारकुनीत गेलेली, मुलाच्या नोकरीमुळे कोथरूडला आलेले. त्यांच्या लेखी बेंच म्हणजे हायकोर्टाचा नागपूर बेंच, दुसरा बेंच या पृथ्वीवर नाही. त्यांनी बाबांना पार्किंगमध्ये गाठलं.

“काय सर, पेढे द्या न! पोरगा बेंचवर गेला म्हणते वहिनी. पण वकिली कधी केली जी त्यानं?”

बाबा वर आले. मी चहा पीत होतो.

“तू न्यायमूर्ती कधी झालास?”

सगळं सांगावं लागलं. ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, “म्हणजे काम काही नाही, पगार मात्र पूर्ण.”

“हो.”

“आमच्या शाळेत त्या पदाला मुख्याध्यापक म्हणायचे.” मग जरा थांबून, “आणि नव्वद दिवसांनी?”

“काढतात.”

“किती झाले?”

“एक्कावन्न.”

आईने गॅस बंद केला आणि ती ओट्याशी तशीच उभी राहिली. बाबा आतल्या खोलीतून त्यांची जाडजूड डिक्शनरी घेऊन आले.

त्या दिवसापासून रोज सकाळी नाश्त्याबरोबर एकेक अर्थ. “न्यायाधीशाचं आसन. ते तुला मिळणार नाही.” दुसऱ्या दिवशी, “सुताराचं काम करायचं टेबल. तुला खिळा मारता येत नाही.” मग, “राखीव खेळाडूंची जागा. इथपर्यंत पोचलास म्हणायचं.” एका सकाळी तर ते अतिशय खुशीत होते. “कुत्र्यांच्या प्रदर्शनात कुत्री मांडून ठेवतात, त्या ओट्यालाही बेंच म्हणतात. तुमच्या कंपनीच्या अर्थाला हा सगळ्यात जवळचा.”

माझं डोकं फिरायचं. पोरगा बुडतोय आणि बाप काठावरून शब्दार्थ सांगतोय. एकदा मी ओरडलोच, “बाबा, माझी नोकरी जातेय, धडा चालू नाहीये!” त्यांनी शांतपणे पान उलटलं. डिक्शनरीत कंपनीवाला अर्थ सापडला नाही, म्हणून त्यांनी तो पेन्सिलीने समासात लिहिला: ‘प्रतीक्षा, सवेतन.’

मग एका सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता त्यांनी विचारलं, “चारच राहिले ना आता?” मी दिवसांबद्दल पुन्हा काही बोललो नव्हतो. ते मोजत होते.

एकोणनव्वदाव्या दिवशी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. “हे बघ, पर्सनली घेऊ नकोस, पण कंपनी तुला रिलीज करतेय.” रिलीज हा शब्द मी तोवर सिनेमा आणि कैदी यांच्याबद्दलच ऐकला होता. गळ्यातला पट्टा त्यांनी काढून घेतला. कंपनीची बस संध्याकाळी सुटते, त्यामुळे दोन सहा आसनी रिक्षा बदलत मी भर दुपारी घरी पोचलो.

आई भाजी आणायला गेली होती. दार उघडंच होतं. बाबा खुर्चीत, मांडीवर डिक्शनरी. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या मोकळ्या गळ्याकडे. मला आत जायची लाज वाटत होती. मी दारातच उभा राहिलो.

“बेंचचं मूळ सापडलं,” ते पानावरची नजर न काढता म्हणाले. “मूळ अर्थ उंचवटा. त्यावरून नदीचा काठ, ती एक बँक. त्यावरूनच बसायची फळी, तो बेंच. इटलीत सराफ अशी फळी मांडून धंदा करायचे, म्हणून पैशांची बँक. आपला बाक पोर्तुगीजांकडून आला म्हणतात, म्हणजे तोही त्याच घरातला. सगळे भाऊबंद.”



त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “सातवीत तू म्हणाला होतास, वस्तू कुठेतरी एकच असणार. तुझं भाषांतर चुकलं होतं. मुद्दा बरोबर होता.”

पंधरा वर्षं मी धरून चाललो होतो की हा माणूस ते कधीच विसरून गेलाय.

“घंटा झाल्यावर बस म्हणायचं मी विसरलो नव्हतो,” बाबा म्हणाले. “मुद्दाम नाही म्हणालो. चुकलं माझं.” मग घसा खाकरून, वर्गातला तोच आवाज काढून, “बस आता खाली.”

“हो, सर,” माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मी उंबऱ्यातच बसलो.